तुम्ही विचारलंत म्हणून : शिबिरात रडलेली मुले पुन्हा त्याच सवयीत का सापडतात?

मिरजेतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आठवी ते बारावीच्या मुलामुलींचा वर्ग मी घेते. रविवारी उपासना संपली की कोणी ना कोणी पालक मला दारात थांबवतात, आणि त्यांचे विचारणे बहुतेक वेळा एकच असते : “येशूच्या मागे चालणारा पापातून मुक्त होतो असे तुम्ही मुलांना शिकवता. मग मे महिन्याच्या शिबिरात रडून प्रार्थना करणारा आमचा मुलगा शाळा सुरू होईपर्यंत पुन्हा त्याच सवयीत कसा सापडतो? तुम्ही नक्की शिकवता तरी काय?” या प्रश्नात काळजी असते, थोडा रागही असतो, आणि दोन्ही मला रास्त वाटतात. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या वर्गाचा पाया बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आहे. सत्य तुम्हांला बंधमुक्त करील, हे येशू ज्यांना सांगतो ती माणसे त्याच्यावर विश्वास ठेवणारी आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. तरीही ती लगेच उत्तरतात की आम्ही अब्राहामाचे, म्हणजे यहुदी लोकांच्या मूळ पुरुषाचे, वंशज आहोत, आम्ही कधीच कोणाचे दास नव्हतो. हे ज्या यरुशलेमेत ती म्हणत होती तिथे त्या वेळी रोमी सत्ता होती, आणि त्यांच्या पूर्वजांनी मिसरातले (इजिप्तमधले) दास्य आणि बाबेलची (बॅबिलोनची) कैद दोन्ही भोगले होते. वर्गात हे वाचताना मी मुलांना त्यांच्याच घरांची आठवण करून देते. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले. आमच्या मंडळीतल्या कितीतरी घरांचा इतिहास त्या हॉस्पिटलच्या आवारातून सुरू होतो. कोणाची पणजी तिथे परिचारिका होती, कोणाचे पणजोबा औषधांच्या खोलीत कामाला होते. मुलांना याचा अभिमान आहे आणि तो असावाच. परंतु “आम्ही जन्मापासून ख्रिस्ती आहोत” हे वाक्य जेव्हा पापाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येते, तेव्हा ते अब्राहामाच्या वंशजांचेच वाक्य असते. पणजीच्या विश्वासाने पणतूची सुटका होत नाही.

पुढे येशू म्हणतो की पाप करणारा पापाचा दास आहे. दास घरात सर्वकाळ राहत नाही, पुत्र राहतो. आणि पुत्राने बंधमुक्त केले तर माणूस खरोखर बंधमुक्त होतो. माझ्या मते सारे उत्तर या तीन वाक्यांत आहे, आणि त्यातले मधले वाक्य आपण नेहमी घाईने ओलांडतो. त्या काळच्या घरातला दास कितीही चोख काम करणारा असला तरी उद्या विकला जाऊ शकत होता. त्याचे घरात असणे त्याच्या कामावर आणि धन्याच्या मर्जीवर अवलंबून होते. मुलाचे तसे नव्हते. येशू जी मुक्ती देतो ती आधी हा दर्जा बदलते, आणि वागणे त्यामागून बदलत जाते, कधी पटकन, कधी फार सावकाश. आपल्या मुलांच्या मनात मात्र याच्या नेमके उलटे बसलेले असते : मी चांगला वागलो तर देव मला घरात ठेवील. अशा मुलाकडून चूक झाली की पहिली गोष्ट तो करतो ती लपण्याची, कारण घरातली जागा जाईल अशी भीती दासालाच असते.

या लपण्याविषयी जरा थांबून सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांना त्याची कल्पना नसते. वर्षातून कधीतरी मी मुलांना वहीचे कागद देते आणि नाव न घालता, आपण कशाच्या ताब्यात आहोत असे वाटते ते लिहायला सांगते. चिठ्ठ्या इतक्या बारीक घड्या घालून येतात की उलगडताना कागद फाटतो. त्यांत मावा असतो, रात्री पांघरुणात पाहिलेला मोबाइल असतो, पैसे लावून खेळलेले गेम असतात, कॉपी असते, जास्त गुण मिळवणाऱ्या धाकट्या भावाविषयीचा द्वेष असतो. एका चिठ्ठीत एकच ओळ होती : “मी घरी एक असते आणि बाहेर एक.” बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय, ज्यात प्रेषित पौल म्हणतो की जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही आणि जे नकोसे वाटते तेच करतो, तो मी या चिठ्ठ्यांनंतरच वाचायला घेते. अशा वेळी कोणी खिडकीबाहेर बघत नाही. एवढा मोठा प्रेषित आपल्यासारखेच लिहून गेला आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत असते.

माव्यासारख्या गोष्टीत मी केवळ वचने सांगत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून दिलेला मावा पोरांच्या हाती सहज लागतो. तंबाखूतले निकोटिन शरीराला धरून ठेवते आणि सुपारीने पुढे तोंड उघडेनासे होते. म्हणून अशा मुलाला मी प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही पाठवते. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे, आणि त्यातले मिशन हॉस्पिटल येशूच्या मागे चालणाऱ्या माणसांनीच उभे केले. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे निदान या गावात तरी कोणी म्हणू नये.

आता शिबिराविषयी. शेवटच्या रात्री दिवे मंद करून मुलांकडून “यापुढे मी कधीही असे करणार नाही” अशा शपथा घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्या मी विरुद्ध आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू एका घराची गोष्ट सांगतो : अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून लोटून सुशोभित केले, पण ते रिकामेच राहिले, आणि मग तो आत्मा आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन परत आला. शपथ घर झाडते, पण तिथे कोणाला राहायला आणत नाही. जून उजाडतो, जुने मित्र भेटतात, शपथ मोडते, आणि मुलाला वाटते की देवालाही आपण फसवले. त्यानंतर तो पहिल्यापेक्षा खोल लपतो. तुम्ही ज्याला “पुन्हा त्याच सवयीत सापडणे” म्हणता, त्यातला बराच भाग हा असतो.

मी मुलांना शपथेऐवजी जक्कयाची गोष्ट शिकवते, आणि तिच्यातला क्रम पाठ करून घेते. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात यरीहो गावचा हा मुख्य जकातदार, म्हणजे रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा, उंबराच्या झाडावर चढलेला असताना, त्याने एक शब्दही कबूल केलेला नसताना, येशू त्याला म्हणतो की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याची गोष्ट जक्कय येशू घरी आल्यावर बोलतो. मोशेच्या नियमशास्त्रात चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या एका मेंढरामागे चार मेंढरे भरून देण्याचा नियम आहे. लोक आपल्याला चोर समजतात हे जक्कयाला ठाऊक होते, आणि त्याने चोराचाच दंड स्वतःहून पत्करला. कृपा आधी येते, पण ती भरपाईला सुट्टी देत नाही, हे मुलांना इथे दिसते.

दहावीची परीक्षा दिलेल्या एका मुलाने याच पाठानंतर मला सांगितले की त्याने वडिलांच्या कपाटातून पैसे काढून मोबाइलवरच्या गेममध्ये घालवले आहेत. त्याच्या विनंतीवरून मी त्याच्या घरी गेले. त्याने मान खाली घालून सारे सांगितले, रक्कमही सांगितली. वडील उठून उभे राहिले, त्यांचा हात वर गेला, आणि मग तो हात त्यांनी स्वतःच्याच तोंडावर ठेवला आणि ते परत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “हे मला का सांगितलेस?” मुलगा म्हणाला, “लपवायचा कंटाळा आला.” त्या सुट्टीत तो तासगावजवळ मामांच्या बेदाणा शेडवर माल निवडायला गेला आणि मजुरी आणून वडिलांच्या हातावर ठेवत गेला. तो गेम त्याने नंतर पुन्हा एकदा उघडला होता. तेही त्यानेच सांगितले, आणि या वेळी मला मध्ये न घेता थेट वडिलांना सांगितले. तुमच्या हिशेबात हा मुलगा पुन्हा पडला. मी त्याला मुक्त होत चाललेला मुलगा म्हणते.

येशूचा शिष्य पेत्र याचेही असेच आहे. योहानाने लिहिले आहे की प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव पेटवलेला होता आणि त्याच्याशी शेकत उभा असताना पेत्राने येशूला नाकारले. पुढे पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी येशू भल्या पहाटे शिष्यांसाठी न्याहारी तयार करतो, आणि तिथेही कोळशाचाच विस्तव आहे. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारले जाते, तुझी माझ्यावर प्रीती आहे का? झाल्या गोष्टीवर पांघरूण घातले जात नाही, आणि पेत्राला हाकलूनही दिले जात नाही. शेवटी येशू त्याला जे सांगतो ते अगदी पहिल्या दिवसाचेच आहे : माझ्यामागे ये. पैसे घेऊन येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा यालाही पस्तावा झाला होता, त्याने ते पैसेही परत नेऊन टाकले होते. पण तो येशूकडे परत आला नाही. पडल्यावर कोणाकडे जायचे, हे मुलांच्या मनात पक्के व्हावे म्हणून या दोघांच्या कथा मी एकाच दिवशी घेते.

येशूच्या मागे जाणे एका रात्रीत उरकत नाही याचे उदाहरण द्यायला मला शेजारच्या साताऱ्यापलीकडे जावे लागत नाही. मराठी कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, 1895 साली झाला. भजने, कविता, मिशनची सेवा, मोठे नाव, हे सारे झाल्यावर 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या येशूभक्तांसाठी. पन्नाशी उलटलेला, मंडळ्यांमध्ये ज्याची गीते गायली जात होती असा माणूस पुन्हा शिष्य व्हायला निघाला. सोळा वर्षांच्या मुलाने एका मे महिन्यात पूर्ण व्हावे ही अपेक्षा मग आपण का धरावी?

एक गोष्ट मात्र मी पापाच्या यादीत येऊ देत नाही. ज्या मुलीशी किंवा मुलाशी एखाद्या मोठ्या माणसाने घाणेरडे वर्तन केले आहे, ती मुले अनेकदा स्वतःलाच पापी समजून माझ्यापुढे येतात. ते त्यांचे पाप नव्हे, हे मी त्याच क्षणी स्पष्ट सांगते. आणि हे कोणाला सांगणार नाही असे वचन मी आधी देत नाही, कारण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांकडे देणे बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. सतत उदास असणे, झोप न लागणे, जगू नये असे वाटणे यांनाही पाप म्हणू नका; अशा मुलाला पश्चात्तापाचा उपदेश करू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

आता तुमच्याकडून मला काय हवे ते सांगते. मूल स्वतःहून काही सांगायला आले तर आधी पूर्ण ऐकून घ्या. शिक्षा द्यायची असेल तर दुसऱ्या दिवशी ठरवा, आणि ती भरपाईच्या रूपाची असू द्या. ते नातेवाइकांत किंवा घरगुती प्रार्थनासभेत “आमच्या मुलासाठी प्रार्थना करा” म्हणून जाहीर करू नका; त्याने एकाला सांगितले आणि दहा जणांना कळले, तर तो पुढच्या वेळी कोणालाच सांगणार नाही. आणि जमल्यास तुमची एखादी चूक मुलासमोर कबूल करा. एकमेकांजवळ पातके कबूल करा असे बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो, तेव्हा त्यात आईवडिलांना सूट दिलेली मला कुठे आढळली नाही.

येत्या रविवारपासून वर्गात रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय सुरू होतो आहे. उपासनेनंतर मागच्या बाकांवर पालकांसाठी जागा ठेवली आहे. येताना पवित्र शास्त्र घेऊन या, आणि तुमचा प्रश्न तिथे मुलांसमोरच विचारा.