कर्जफेडीचा तक्ता आधी वाचायला लागलो

९ मार्च २०२०. अमेरिकी बाजार उघडून काही मिनिटंच झाली होती, पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक एस अँड पी ५०० सात टक्के आपटला आणि व्यवहार पंधरा मिनिटं बंद. आकडे गोठलेले, तरी मी आपला रिफ्रेश करत बसलेलो. त्या महिन्यात असं चारदा झालं.

माझ्याकडे तेव्हा वायरलेस क्षेत्रातले दोन शेअर होते. एक मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीचा, दुसरा टॉवर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा. घेताना हिशेब सोपा वाटला होता: हात आखडला तर माणूस गाडीची खरेदी पुढे ढकलेल, फोन बंद करणार नाही. लॉकडाऊनमध्ये तर नेटवर्कवरचा भार वाढलाच. पण सेवा कंपनीचा शेअर बाजाराबरोबर पडला, आणि बाजार वर आला तेव्हा हा मात्र तळाशीच बसून राहिला.

मग मी नेहमीची चूक केली. स्वस्त झालाय म्हणून आणखी घेतला, ॲव्हरेज केलं, म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली आणला. लाभांशाचा दर मोहात पाडत होता. भाव पडला की हा दर आपोआप फुगतो, हे साधं गणित त्या दिवसांत सुचलंच नाही. काही महिन्यांनी कंपनीने लाभांशच कापला.

तेव्हा कुठे वार्षिक अहवाल नीट उघडला. त्याआधी मी फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत, एवढंच वाचायचो. या वेळी मागच्या टीपांपासून सुरुवात केली. एका पानावर छोटासा तक्ता होता: वर्षभरात फेडायचं कर्ज, एक ते दोन वर्षांत, दोन ते पाच वर्षांत, त्यापुढचं. प्रत्येक ओळीसमोर मी पेन्सिलीने लिहिलं की भांडवली खर्च वजा जाता हातात किती रोख उरेल. दुसऱ्याच ओळीला वजाबाकी उलटी आली, रोख कर्जाला पुरत नव्हती. आणि स्पेक्ट्रमचे, म्हणजे सरकारकडून घेतलेल्या रेडिओलहरींचे हप्ते? ते ‘इतर देणी’ म्हणून वेगळ्याच टीपेत होते. टॉवरच्या भाड्याची देणी निदान आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय हिशेब-नियमामुळे २०१९ पासून ताळेबंदात दिसतात. पूर्वी तीही शोधावी लागायची.

हा रोग या धंद्याला जुनाच आहे. टेक कंपन्यांचा भरणा असलेल्या अमेरिकेच्या नॅस्डॅक निर्देशांकाने मार्च २००० मध्ये शिखर गाठलं आणि त्याच वर्षी युरोपात थ्रीजीच्या स्पेक्ट्रमचे लिलाव झाले. ब्रिटनमध्ये सुमारे २,२५० कोटी पौंडांच्या बोल्या लागल्या, जर्मनीत सुमारे ५,००० कोटी युरोंच्या. बोली लावली तेजीत, कर्ज फेडायचं मंदीत, आणि ग्राहकाच्या हातात थ्रीजी पडायला आणखी काही वर्षं. ग्राहक सोडून गेला नाही तरी अशी कंपनी अडकते, हे मला इथे कळलं. तोवर मी चर्न (ग्राहक सोडून जाण्याचं प्रमाण) आणि दरमाणशी महसूल एवढेच आकडे बघत होतो.

सेवा कंपनीचा शेअर तोट्यात विकला. टॉवरवर मात्र भरवसा होता: करार लांब मुदतीचे, दरवर्षी भाडेवाढ लिहून ठेवलेली, आणि त्याच टॉवरवर दुसरा भाडेकरू आला की खर्च जवळपास तेवढाच राहून नफा वाढतो. मग २०२२ आलं. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्हने मार्चपासून व्याजदर चढवायला घेतले आणि जुलै २०२३ पर्यंत शून्याजवळून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. भाडेवाढ ठरलेली, व्याज मात्र धावतंय. हीच लांब मुदत गुंतवणूकदारांच्या डोळ्यांत खुपायला लागली आणि व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात, तसा टॉवरचा शेअर पडला. टॉवर पूर्वीइतकेच भरलेले होते, हे गंमतीचं. म्हणजे मला गंमत आता वाटते, तेव्हा झोप उडाली होती.

या खेपेला घाईने काही घेतलं नाही. तोच तक्ता काढला. कर्जाचा बराचसा भाग स्थिर दराचा होता आणि परतफेड बऱ्याच वर्षांत विभागलेली. म्हणून शेअर ठेवला.

तो अजून आहे, खरेदीच्या भावाखालीच. तक्त्याप्रमाणे पुढच्या वर्षी रोख्यांचा एक मोठा गठ्ठा फेडायचाय. त्याच्या जागी काढलेल्या नव्या रोख्यांचा दर जाहीर होईपर्यंत मी एकही शेअर वाढवणार नाही.