पळस्पे ते माणगाव: लिफ्टने कोकणात निघालेल्यांसाठी

पनवेलजवळ मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो, त्या पळस्पे फाट्यावर लिफ्ट मागत उभे राहू नका. घाईत असाल आणि पुढचं वाचणार नसाल, तर निदान एवढं लक्षात ठेवा. लिफ्ट घेत कोकणात जायचं असेल, तर पनवेल ते माणगाव हा पट्टा रेल्वेने पार करा आणि हात दाखवायला त्याच्या पुढे सुरुवात करा. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझे पाचशे रुपये आणि एक अख्खा शनिवार वाचला असता.

मी भांडुपचा. सह्याद्रीत सॅक पाठीवर घेऊन हिंडायची सवय आहे, त्यामुळे कपडे किती घ्यायचे, पाणी किती घ्यायचं हे इथे लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असेलच. फसलो तो एका व्हिडिओमुळे. शून्य रुपयांत मुंबई ते गोवा. त्यातला मुलगा रस्त्यावर अंगठा दाखवतो, गाडी थांबते, पुढच्या क्षणी तो चिपळूणला मिसळ खात असतो. मधले तास कापलेले आहेत हे बघताना डोक्यातच आलं नाही. ऑफिसातल्या एकानेही छातीठोकपणे सांगितलं, "अरे, हायवेला नुसता हात केलास तरी थांबतात." तो स्वतः कधी गेलेला नव्हता, हे नंतर कळलं.

डिसेंबरातल्या शनिवारी पहाटे पावणेसहाला घर सोडलं. ठाण्याहून पनवेलची लोकल, तिथून रिक्षाने पळस्पे. पावणेआठला उभा राहिलो. हातात पुठ्ठा, त्यावर जाड मार्करने 'सावंतवाडी'. शनिवार निवडला ही पहिली चूक. शनिवारी कोकणात निघालेल्या गाड्यांत आई-बाबा, दोन मुलं, डिकी टम्म आणि मागच्या काचेला टेकलेल्या उशा. अशी गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही, थांबायला तिच्यात जागाच नसते. दुसरी चूक पुठ्ठ्यावरच्या नावाची. सावंतवाडी वाचून माणसाला वाटतं, हा दिवसभर गळ्यात पडणार. पुढच्या मुक्कामाचं नाव लिहायचं, पेण, महाड, फार तर चिपळूण. आणि अंगठ्याची खूण आपल्याकडे कोणाला कळत नाही. हात आडवा धरून, तळवा खाली करून हलवायचा, एसटीला करतो तसा.

पावणेदोन तासांनी एक पांढरी सात सीटची गाडी थांबली. ड्रायव्हर काचेतून "महाड, महाड" म्हणाला. मला वाटलं, मी कुठे जाणार हे विचारतोय. तो प्रवासी ओरडून बोलावत होता. आत तिघे बसलेले, तिघांकडे बॅगा, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं. ड्रायव्हरने उतरून माझी सॅक स्वतःच डिकीत टाकली. मला ते अगत्य वाटलं.

मग तो रस्ता. पळस्पे ते इंदापूर ८४ किलोमीटर, आणि या पट्ट्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललंय. आता बराचसा भाग चांगला झालाय, ते मान्य. पण चांगला भाग आपण विसरतो आणि लक्षात राहतात ते वळवलेले रस्ते. कर्नाळ्याच्या खिंडीतून बाहेर पडलो, पेण मागे गेलं, आणि वडखळला पहिली रांग लागली. अलिबागला जाणारे तिथे वळतात. पुढे नागोठणे, कोलाड. अर्धवट उड्डाणपुलांचे खांब नुसतेच उभे, त्यांच्या बाजूने खडीचा सर्व्हिस रोड, त्यावर कंटेनर, विक्रम रिक्षा आणि दूधवाला एकाच चाकोरीत. इंदापूरच्या आधी गाडी थांबली ती पाऊण तास तिथेच. माणगावच्या बायपासचं काम तेव्हा अपुरंच होतं, म्हणजे गोव्याची सगळी वाहतूक बाजारपेठेतून. नारळवाला काचेवर टकटक करून दोनदा येऊन गेला आणि गाडी एका जिलेबीच्या दुकानापासून दुसऱ्या जिलेबीच्या दुकानापर्यंत सरकली. शंभरएक किलोमीटरना चार तास लागले.

माणगावात मी म्हटलं, इथेच उतरतो, चालत गावाबाहेर लवकर पोचेन. ड्रायव्हर म्हणाला, "पाचशे."

मी म्हटलं, मी लिफ्ट मागितली होती. तो म्हणाला, "एसीत बसवून आणला ना? गाडी काय पाणी घालून चालते का?" एसटीला तेवढ्या अंतराचे याच्या निम्मेही लागत नाहीत. पण सॅक डिकीत, डिकीचं कुलूप त्याच्या हातात, मागे हॉर्नचा गदारोळ. आतल्या तिघांपैकी एकाने हळूच सांगितलं, "देऊन टाका, आम्ही रोजच देतो." दिले. अजूनही त्या पाचशेंची आठवण झाली की कानशिलं तापतात. पैशांपेक्षा, मी विश्वासाने बसलो होतो याचा राग जास्त आहे.

म्हणून ठासून सांगतो. सॅक मांडीवर ठेवायची, डिकीत कधीच नाही. दार उघडण्याआधी विचारायचं, "दादा, भाडं द्यायला पैसे नाहीत, असंच सोडणार असाल तर बसतो." लाजू नका. हे वाक्य ऐकून निघून जाणारी गाडी तुमच्या कामाची नव्हतीच. आपण कुठे जातोय हे आधी सांगू नका, "तुम्ही कुठपर्यंत?" हे आधी विचारा. म्हणजे माणूस पसंत पडला नाही तर "मला दुसरीकडे जायचंय" म्हणायला वाट राहते. बसण्यापूर्वी नंबरप्लेटचा फोटो घरी पाठवा, आणि पाठवताना ड्रायव्हरला दिसू द्या. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीने भाडं घेणं बेकायदा आहे, परमिट नसतं. दुर्दैव असं की, २०१८ मध्ये ऐरोलीजवळ पावसात अडकलेल्या अनोळखी लोकांना गाडीत घेतलं म्हणून एका माणसाला याच कायद्याखाली दंड भरावा लागला होता. चांगल्या माणसाने काच खाली करायला दहादा विचार केला, तर त्याला दोष देता येत नाही.

माणगावच्या पुढे सव्वातीन तास उभा होतो. उन्हात, डंपरच्या धुळीत. जागा चुकली होती, हे आता कळतं. रस्ता मोकळा झाला की चार तास अडकून बसलेला प्रत्येक जण गाडी दामटतो, तिथे कोण थांबणार? गाडी आपणहून मंदावते तिथे उभं राहायचं. चहाच्या टपरीपुढे, गतिरोधकापाशी, पेट्रोल पंपाच्या बाहेर पडायच्या वाटेवर. आणि डोळ्यांवरचा गॉगल काढा, ड्रायव्हरला डोळे दिसले पाहिजेत.

शेवटी लोणेऱ्याच्या विद्यापीठातल्या एका मुलाने बाईकवर घेतलं. सॅकला माझं हेल्मेट अडकवलेलं होतं, ते बघूनच थांबलो म्हणाला. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं आणि दंड गाडीवाल्याच्या माथी बसतो. स्वतःचं हेल्मेट न्या, वजन वाटलं तरी न्या. या प्रवासात निम्म्या लिफ्ट बाईकवरच मिळाल्या.

लोणेऱ्याला पाच मिनिटांत एक जीप थांबली. दार उघडलं तोच दारूचा भपकारा आला. दार लावलं आणि मागे सरलो. दिवस मावळत होता, पाय दुखत होते, आधी सव्वातीन तास कोणी थांबलं नव्हतं, आणि तरीही नाही म्हणालो. पूर्ण प्रवासात माझ्या हातून झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

सव्वासहाला ट्रक आला. तळोज्याहून लोट्याच्या एमआयडीसीत केमिकलचे ड्रम घेऊन चाललेला. ड्रायव्हर पन्नाशीचे, जत तालुक्यातले. "पावणं, वर या की. पण लोट्याच्या गेटाच्या अलीकडं उतरायचं. मालकानं सवारी घ्यायची न्हाई म्हणून सांगितलंय." का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "काय झालं तर तुमास्नी विमा न्हाई." आणि ते खरं आहे. मालवाहू गाडीत असाच बसलेला माणूस अपघातात सापडला, तर विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. ट्रकमध्ये चढताना हे माहीत असू द्या. माझ्यामुळे त्या माणसाची नोकरीही पणाला लागली होती, हे मला चढल्यावर कळलं.

पण त्या केबिनमधले तीन तास मी विसरणार नाही. समोर काचेवर विठोबाचा लहान फोटो, खाली सुकलेला झेंडू. गिअरच्या दांड्याला लाल गोंड्याची टोपी. महाडच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली, सीटमागून फडक्यात बांधलेली भाकरी काढली, ठेचा मधोमध ठेवला आणि भाकरीचा मोठा तुकडा माझ्याकडे केला. नको म्हटलं तर, "सकाळपास्नं काय खाल्लंय त्ये तोंडावर दिसतंय." पोरीचं बारावीचं वर्ष, उसाचा दर, टायरची किंमत, असं बोलत होते. अर्ध्या तासात मी दुपारचे पाचशे विसरलो.

महाड सोडलं आणि सावित्रीचा पूल आला. त्यांनी रेडिओ बंद केला, उजवा हात स्टिअरिंगवरून उचलून कपाळाला लावला आणि पूल संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या, त्या जागेवरून आम्ही जात होतो. मग म्हणाले, "त्या रातच्याला मी पोलादपुरात जेवाय थांबलो हुतो." नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. पुलाला १६५ दिवस, आणि पळस्प्याच्या पुढच्या रस्त्याला २०११ पासूनची वर्षं. दुपारचा माणगावचा बाजार आठवून मला तेव्हा फार चीड आली.

कशेडीचा घाट आता चढावा लागत नाही, सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातून निघता येतं. बोगद्याच्या तोंडाशी उतरू मात्र नका, तिथे कोणी थांबत नाही.

साडेनऊला लोटे. तिथून सावर्ड्याला आत्याकडे जायचं होतं. रात्री लिफ्ट मागायची नाही हे ठरलेलं होतं, म्हणून आतेभावाला फोन केला, तो बाईक घेऊन आला. सोबतीला माणूस नसेल तर पाच वाजता जिथे असाल तिथे थांबा आणि मुक्काम शोधा. अंधारात ड्रायव्हरला तुमचा चेहरा दिसत नाही आणि तुम्हाला त्याचा. अडचण आलीच तर ११२, महामार्गावरच्या अपघाताला १०३३, हे दोन्ही नंबर फोनमध्ये असू द्या.

मुलींनी एकटीने हे करावं का? माझं मत, मुंबई-गोवा महामार्गावर नाही. हे मी आतेबहिणीसमोर बोललो तर तिने मला थांबवलं. ती शाळेत शिकवते आणि बस चुकली की ओळखीच्या शिक्षिकांच्या स्कूटीवरून जाते, गावातल्या गावात. "लिफ्ट आम्हीपण घेतो रे, पण देणारीचं घर माहीत असतं," म्हणाली. अनोळखी गाडीसाठी माझं मत मी बदललेलं नाही.

पुढचे दोन दिवस मजेत गेले. सावर्डे ते हातखंबा, हातखंबा ते राजापूर, राजापूर ते सावंतवाडी, कुठेही वीस मिनिटांहून जास्त थांबावं लागलं नाही. सोमवारी एका आंबा बागायतदारांनी तर घरी जेवायला नेलं.

तुम्ही जाणार असाल तर मंगळवार किंवा बुधवार धरा. दिव्याहून सकाळी सावंतवाडीची पॅसेंजर सुटते, तिने खेडपर्यंत या. खेड स्टेशनपासून महामार्ग जवळ आहे, भरणे नाक्याला गाड्या आपोआप मंदावतात. दिवस लहान असेल तर पुढे थेट चिपळूणपर्यंतचं तिकीट काढा. पावसाळ्यात आणि गणपतीच्या दिवसांत मुळीच जाऊ नका. गणपतीत अवजड गाड्यांना या महामार्गावर बंदी घालतात, म्हणजे थांबण्याची ज्यांची शक्यता जास्त ते ट्रकच नसतात. खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवा. कोणी पैसे घेतले नाहीत तर चहा पाजा. त्या ट्रकवाल्या काकांनी चहाचेही पैसे मला देऊ दिले नाहीत.

परतीला तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. सोमवारी संध्याकाळी सावंतवाडीच्या फलाटावरून काकांना फोन लावला, घरी नीट निघालोय म्हणून सांगायला. मागे हॉर्नचा आवाज इतका होता की त्यांचं अर्धं बोलणं ऐकूच येईना. रिकामी गाडी घेऊन तळोज्याला परत निघाले होते. माणगावात दोन तास झाले उभे होते.