तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या माणसांचं काय झालं

"मंडळी सोडलीत, मग तुमच्या माणसांचं काय झालं?"

ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, सासरच्या बायका विचारतात. आणि दोन-तीन महिन्यांतून एखादी अनोळखी मुलगी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून फोन करते आणि अगदी हळू आवाजात हेच विचारते. शेजारच्या खोलीत तिची आई असणार, हे त्या आवाजावरूनच कळतं. बाकीच्यांना मी आजवर दोन वाक्यांत उत्तर देत आले. या मुलींना दोन वाक्यं पुरायची नाहीत, म्हणून सगळं लिहायला बसले आहे.

मंडळी म्हणजे आमचं चर्च, एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती गट. तिचं नाव सांगणार नाही. माझी आई, भाऊ, मावशी अजून तिथेच आहेत.

आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पणजोबा नेवासे तालुक्यात मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आजीपर्यंत सगळे मिशनच्या जुन्या चर्चचे. मी 5 वर्षांची असताना पप्पा ते चर्च सोडून या नव्या मंडळीत गेले. कारण एकच, तिथे त्यांची दारू सुटली. रात्री पप्पांची चप्पल वाजली की आम्ही पोरं अंथरुणात श्वास रोखून पडायचो, ते एका वर्षात थांबलं. ज्यांनी माझे पप्पा मला परत दिले त्यांचं ऋण मी आजही मानते. बाहेर पडलेल्या माणसानं आतलं सगळं वाईटच होतं असं म्हणावं, अशी लोकांची अपेक्षा असते. ती मला पुरी करता येत नाही, कारण तसं नव्हतं.

नियम कडक होते. अंगावर दागिना नको, घरात टीव्ही नको, सिनेमा नको. नाताळसुद्धा नको, कारण तो 'जगाचा' सण. शेजाऱ्यांनी दिवाळीचा फराळ आणून दिला की आई हसून घ्यायची आणि दार लावून कुत्र्याला घालायची. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं. पण आठवडा कसा भरलेला असायचा! रविवारी उपासना, बुधवारी बायबलचा अभ्यास, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, शनिवारी तरुणांची सभा. धाकट्या भावाच्या वेळी आई बाळंतीण होती तेव्हा सव्वा महिना आमच्या घरात चूल पेटली नाही. एका बहिणीकडे वही होती, तीत डब्याच्या पाळ्या लिहिलेल्या. सोमवारी हिच्याकडून, मंगळवारी तिच्याकडून. कुणाला काही सांगावं लागायचं नाही. बाहेर पडल्यावर मला देवाहून जास्त आठवली ती ही वही, हे खरं तेच लिहिते.

बाहेर पडले ते पप्पांच्या साखरेमुळे. पायाची जखम भरत नव्हती आणि सगळे हात ठेवून प्रार्थना करत होते. मी तेव्हा 27 वर्षांची, पुण्यात नोकरीला. घरी आले, जखमेचा वास घेतला आणि पप्पांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन बोटं गेली, पाय वाचला. पुढच्या आठवड्यात मंडळीतल्या पुढाऱ्यांनी मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर उभं राहून पश्चात्ताप कर म्हणाले. मी म्हणाले, पाय वाचला त्याचा पश्चात्ताप मला जमणार नाही. रविवारी माझं नाव वाचून दाखवलं आणि कमी केलं. पप्पांनी पश्चात्ताप केला आणि ते आत राहिले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना मंडळी सुटली असती तर पुन्हा बाटली लागली असती, अशी भीती त्यांच्याइतकीच मलाही होती.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 5व्या अध्यायात पौल म्हणतो की अशा माणसाच्या पंक्तीसही बसू नये. 'अशा' म्हणजे कशा, त्याची यादी त्यानं दिली आहे. जारकर्मी, लोभी, मद्यपी वगैरे. बापाला दवाखान्यात नेणारी मुलगी त्या यादीत नाही. मी ते वचन तेव्हा रात्र रात्र वाचत बसायचे.

त्याच रविवारी संध्याकाळपर्यंत मला सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून काढलं होतं. नंतरच्या महिन्यात नगरच्या स्टँडवर माझी बालमैत्रीण समोरून आली, तिनं मला पाहिलं आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली. मी पुढे जाईपर्यंत शोधत राहिली. पुण्याच्या खोलीवर रविवारी सकाळी 6 वाजता जाग यायची, आंघोळ करून केस विंचरून मी पलंगावर बसून राहायचे, जायला ठिकाण नाही. आमच्याकडे याला 'शिस्त' म्हणतात. जुन्या मराठीत याला वाळीत टाकणं म्हणतात, आणि हा शब्द आमच्या भागाला नवा नाही. ज्ञानेश्वर ज्या नेवाशात खांबाला टेकून बसले असं सांगतात, तिथून पणजोबांचं गाव जवळच. आईबापानं समाजाचा नियम मोडला म्हणून त्या भावंडांना समाजानं बाहेर ठेवलं होतं. पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या भावकीनंही त्यांच्याशी रोटीबेटी तोडली होती. घरात ही गोष्ट अभिमानानं सांगितली जायची, ख्रिस्तासाठी पणजोबांनी किती सोसलं म्हणून. तीच गोष्ट सांगणाऱ्या माझ्या आईला मला घरात न घेता दारातच उभं ठेवताना तिची आठवण झाली नसेल का, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

आता माणसांविषयी.

पहिली माणूस मला मिळाली ती कानामुळे. पगार झाला त्या दिवशी मी एका सोनाराकडे जाऊन कान टोचून घेतले. 28 व्या वर्षी कानाची पाळी जाड झालेली असते. चार दिवसांत दोन्ही कान सुजले, पू धरला. जिन्यात शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि हाताला धरून आत नेलं. कोमट पाण्यानं पुसून त्यांनी हळद घातलेलं खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, "रोज सकाळी येत जा, स्वतःचं स्वतःला दिसत नाही." नंतर डॉक्टरकडेही त्यांनीच पाठवलं. मी 12 दिवस गेले. 12 दिवस त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की या वयात कान का टोचले. तेराव्या दिवशी मीच सगळं सांगितलं आणि त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून रडले. कुत्र्याला घातलेल्या फराळाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुत्र्यानं तरी खाल्ला ना, वाया नाही गेला."

पण काकूंसारखं सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, आणि फोन करणाऱ्या मुलींना मला हेच सांगायचं असतं. बाहेर कुणाकडे वही नाही. मंडळीत तुम्ही दोन बुधवार दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी दारात माणूस येतो. बाहेर तुम्ही 15 दिवस तापानं पडलात तरी लोकांना वाटतं, कामात असेल. ते वाईट नसतात, त्यांना कळलेलंच नसतं. पहिल्या वर्षी मी वाट बघत बसले आणि जगात प्रेम नाही असं मंडळीत सांगतात ते खरंच आहे, असं ठरवूनही टाकलं. मग एकदा ताप असताना ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन केला, "मला डबा आणून देशील का?" एवढं एक वाक्य बोलायला मला दुपारभर लागली होती. ती संध्याकाळी मुगाची खिचडी घेऊन आली आणि रागावली, आधी का नाही सांगितलंस म्हणून. मागायची सवय मला नव्हती, कारण आत कधी मागावंच लागलं नव्हतं. ती सवय लावून घ्यायला मला दोन वर्षं लागली. लाज वाटायची. अजूनही थोडी वाटते.

31 व्या वर्षी लग्न ठरलं. मुलगा साताऱ्याकडचा, हिंदू घरातला. दोघांनी आपापला धर्म ठेवायचा ठरवलं, तेव्हा 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली. नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबावं लागतं आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. 'साक्षीदार' हा शब्द त्या फॉर्मवर वाचला आणि माझा हात थांबला. आमच्यात साक्ष देणं म्हणजे उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. माझ्यासाठी कुणी उभं राहील का? नवऱ्याचे मित्र डझनभर होते, ते कुणीही आले असते. पण मला तिघंही माझ्या बाजूचेच हवे होते. त्या 30 दिवसांत मी रोज मनात मोजत होते. काकू एक. खिचडीवाली मैत्रीण दोन. तिसरं नाव सुचेना. शेवटी ज्या वाचनालयात मी दर शनिवारी जायचे, तिथल्या ग्रंथपाल बाईंना भीत भीत विचारलं. त्यांनी डायरी काढली, तारीख लिहिली आणि म्हणाल्या, "साडी नेसून येते." आल्या त्या नारायणपेठ नेसून, गजरा घालून. कार्यालयातल्या त्या रजिस्टरवर तीन सह्या आहेत. त्याची प्रत मी कधी कधी नुसती काढून बघते.

देवाचं काय, हेही तुम्ही विचारता. मी नगरला गेले की आजीच्या जुन्या चर्चमध्ये जाते. तिथे पेटी-तबल्यावर कवी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतात. आमच्या मंडळीत ती बंद होती, चाल हिंदूंची म्हणून. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले तेव्हा घर तुटलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. पण मला टिळकांची त्यानंतरची गोष्ट जास्त जवळची वाटते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना सारखीच जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले. त्या दरबारात मला कुणी हाकललं नसतं, असं भजन म्हणताना मनात येतं. सगळ्या रविवारी मी जात नाही. काही रविवारी नवऱ्याबरोबर टेकडीवर जाते, काही रविवारी नुसती झोपते.

बाप्तिस्म्यावरून एक गोष्ट. अमेरिकेत आमिश नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे; त्यांचे पूर्वज युरोपात असताना वाळीत टाकण्याच्या याच शिक्षेच्या कडकपणावरून 1693 मध्ये आपल्याच माणसांपासून वेगळे झाले. पण त्यांच्यात बाप्तिस्मा मोठं झाल्यावर, स्वतः ठरवून घेतात, आणि त्याआधी जो निघून जातो त्याला बहिष्कृत करत नाहीत. माझा बाप्तिस्मा 13 व्या वर्षी प्रवरेच्या पाण्यात झाला. 13 व्या वर्षी मी काय ठरवणार होते? फोनवरच्या मुलीचा बाप्तिस्मा व्हायचा असेल तर मी तिला एवढंच म्हणते, घाई करू नकोस.

"केस का नाही केलीत?" असंही विचारतात. महाराष्ट्रात 2017 पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जात पंचायतींनी छळलेल्या लोकांसाठी तो झाला ही फार मोठी गोष्ट आहे. त्याआधी 1949 मध्ये मुंबई राज्यानं बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो बोहरा समाजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1962 साली रद्द ठरवला. मी हे सगळं वाचलं, वकिलाकडेही जाऊन आले. पण कायदा बहिष्कार घालणाऱ्याला शिक्षा देईल. स्टँडवर पिशवीत शोधणाऱ्या मैत्रिणीला मान वर करून माझ्याकडे बघायला तो कसा लावणार? मी केस केली नाही. कुणी केली तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन.

पप्पा सहा वर्षांपूर्वी गेले. मातीला मला येऊ दिलं, एवढं झालं. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, शेवटी मी टाकली. माझ्याशी कुणी बोललं नाही. घरी परतल्यावर चहाचा ट्रे फिरला. ट्रे धरणारा मुलगा 14-15 वर्षांचा असेल, मला ओळखतही नव्हता. तो माझ्यापुढे आला, मी हात पुढे केला, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या खांद्याला स्पर्श केला आणि ट्रे पुढच्या माणसाकडे वळला. कप माझ्या बोटांपासून वीतभर होता. त्यातली साय मला दिसत होती. आई समोर भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

मी पुण्याची एसटी पकडली. घोडनदीच्या पुढे पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला तर आत एक स्टीलचा डबा, अजून गरम. उघडला. शेंगोळे. काठावर मशीननं टोचून नाव घातलेलं, माझ्या मावशीचं. तिनं दिवसभर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी खिडकीकडे तोंड करून हातानं सगळे शेंगोळे खाल्ले.

रिकामा डबा परत करू नये असं आपल्यात म्हणतात. मी त्यात बेसनाचे लाडू भरले आणि पुण्याहून नगरला जाणाऱ्या एका चुलतभावाच्या हाती दिला. हा भाऊ जुन्या चर्चचाच, दोन्हीकडे जातो-येतो. दोन महिन्यांनी तो डबा माझ्याकडे परत आला, आत भुईमुगाच्या शेंगा. तेव्हापासून तो जातो आणि येतो. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मुलगी झाली तेव्हा मी काही कळवलं नव्हतं, पण डब्यात डिंकाचे लाडू आले. मागच्या वर्षी लोणच्याबरोबर एक लहानसं टोपडं होतं, आईच्या हातची वीण मला ओळखू येते.

माझी मुलगी आता विचारते, हा डबा कुणाचा? मी तिला काठावरचं नाव वाचायला लावते. जोडाक्षराशी ती अडते, पण वाचते.

सध्या डबा माझ्याकडे आहे. भाऊ शनिवारी निघतोय, म्हणून आज रवा भाजायला घेतला आहे.