भिंतीवर कोणाचा फोटो लावायचा हे आम्ही कसं ठरवतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मुलुंडच्या ज्या पूल पार्लरमध्ये आमचा ग्रुप रविवारी वन पॉकेट खेळतो तिथल्या एका भिंतीवर आम्ही दरवर्षी एक फोटो लावतो, आमच्यापुरता हॉल ऑफ फेम म्हणा हवं तर, आणि निवड करणाऱ्यांमध्ये मी आहे हे कळलं की प्रत्येक नवीन मुलगा हेच विचारतो, ताई तुम्ही ठरवता कसं, ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त टायटल्स आहेत त्याला घ्यायचं आणि मोकळं व्हायचं, एवढा वाद कशाला?

वाद होतो कारण हा खेळच तसा आहे. ज्यांनी कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉल पंधरा, पण टेबलाच्या सहा पॉकेट्सपैकी कामाची फक्त दोन, सुरुवातीला बॉल त्रिकोणात लावतो त्या बाजूच्या कोपऱ्यातली, एक तुमचं एक माझं. आपल्या पॉकेटमध्ये आधी आठ बॉल घालेल तो जिंकला. माझ्या हातून तुमच्या पॉकेटमध्ये बॉल गेला तर तो तुमच्या खात्यात, आणि फाऊल केला तर कमावलेला एक बॉल परत टेबलावर. त्यामुळे निम्मा वेळ पॉट करायचंच, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालायचाच नसतो, पांढरा बॉल अशा जागी नेऊन ठेवायचा की समोरच्याला काही म्हणजे काही दिसू नये, यालाच सेफ्टी म्हणतात, त्याच्या पॉकेटसमोर जमलेले बॉल उधळायचे, बँक, म्हणजे बॉल टेबलाच्या काठावर आपटून वळवायचा फटका, मारताना दहा वेळा विचार करायचा, आणि पावसाळ्यात तर आमच्याकडे कापड इतकं दमट होतं की बँक उन्हाळ्यापेक्षा वेगळीच येते. एट बॉल नावाचा नेहमीचा पूलचा गेम पाच मिनिटांत संपतो, हा कधी कधी पाऊण तास चालतो. मला यापेक्षा सुंदर खेळ टेबलावर दुसरा माहीत नाही.

आता मुद्द्याचं. वन पॉकेट वाढला तो पैशाच्या गेममध्ये, रात्री उशिरा, हॉलचं शटर अर्धं खाली ओढून. फक्त वन पॉकेटची म्हणून गाजलेली स्पर्धा १९६१ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटीत जान्स्को भावांनी भरवली. खेळ तिच्याआधीही जोरात चालू होता आणि नंतरही खरं खेळणं बरंचसं स्पर्धेच्या बाहेरच राहिलं. तिथे स्कोअर कोण लिहून ठेवणार? आणि लिहिला असता तरी काय कळलं असतं, कारण पैशाचा गेम सहसा बरोबरीने होतच नाही. चांगला खेळणारा कमी खेळणाऱ्याला सूट देतो, तू सात बॉल कर मी नऊ करतो, किंवा तू सहा मी दहा. आता दहा-सहावर खेळून एखादा नऊ-सहा असा हरला तर कागदावर तो हरलेला, पण त्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की दोघांत मोठा खेळाडू कोण.

म्हणून मी टायटल्सच्या आधी सूट किती ते विचारते. कोण कोणाला किती बॉल देत होता? माझ्या मते या खेळात यापेक्षा खरी नोंद नाही, कारण इथे स्वतःच्या खिशातले पैसे लागलेले असतात, उगाच मोठेपणा म्हणून कोणी दोन बॉल देत नाही आणि गरज नसताना कोणी मागून कमीपणाही घेत नाही. समोरचा माणूस तुमच्याशी बरोबरीने खेळायला तयार नाही ही मिळू शकणारी सगळ्यात प्रामाणिक शाबासकी आहे.

एफ्रेन रेयेसचंच बघा. फिलिपिन्सचा हा माणूस १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या एका स्पर्धेत सीझर मोरालेस या नावाने उतरला आणि जिंकून गेला. नाव बदललं कारण खरं नाव आधीच पोचलेलं होतं, ते सांगितलं असतं तर पैशाचा गेम द्यायला कोणी उभंच राहिलं नसतं. नाइन बॉल या पूलच्या प्रकारातली यूएस ओपन त्याने जिंकली १९९४ मध्ये, त्याचंच वर्ल्ड टायटल १९९९ मध्ये. म्हणजे टायटल्स मोजणाऱ्याच्या हिशोबात १९८५ चा रेयेस कोणीच नाही, आणि क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरणाऱ्यांच्या हिशोबात तेव्हाही त्याच्याशी सूट मागितल्याशिवाय खेळायचं नव्हतं! आमच्या भिंतीवर पहिला फोटो त्याचा आहे आणि त्या एका नावावर मात्र कोणीच वाद घातला नाही.

मग कोणी म्हणतं, ऐकीव गोष्टींवर कसा विश्वास ठेवायचा, उद्या कोणीही काहीही सांगेल. बरोबर आहे, पण ऐकीव आणि साक्ष यात फरक आहे ना. अमेरिकेच्या विली मोस्कोनीचा रन, म्हणजे न चुकता सलग ५२६ बॉल पॉट करणं, १९५४ मध्ये ओहायोच्या स्प्रिंगफील्डमध्ये झाला, एका प्रदर्शनी सामन्यात, व्हिडिओ नाही काही नाही, आणि तरी तो साठ वर्षांहून जास्त रेकॉर्ड म्हणून उभा राहिला तो कशावर, तर तिथे हजर असलेल्या पस्तीसहून जास्त लोकांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या त्याच्यावर. जॉन श्मिटने २०१९ मध्ये ६२६ केले, जेसन शॉने २०२२ मध्ये ७१४, ते सगळं कॅमेऱ्यासमोर. मला दोन्ही चालतं. पण जुन्या माणसांच्या बाबतीत कॅमेरा मागायचा म्हणजे त्यांना दारातच उभं करायचं. आम्ही काय करतो, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारतो, आणि विचारतो ते हरलेल्यांना. दोस्त आणि शिष्य वाट्टेल ते सांगतात हो, हरलेला माणूस मात्र नेमकं सांगतो, कुठला बॉल, कुठली बँक, किती पैसे गेले.

अमेरिकेत बिलियर्ड काँग्रेस ऑफ अमेरिकाचा हॉल ऑफ फेम १९६६ पासून आहे, त्यात खेळाडूला वयाची चाळीस वर्षं पूर्ण लागतात आणि निदान दहा वर्षांचा प्रोफेशनल खेळ. ती चाळीसची अट मला पटत नाही. जीन बालुकासला १९८५ मध्ये घेतलं तेव्हा ती पंचविशीतली होती आणि कोणाचं काही बिघडलं नाही, आजचा नियम तेव्हा असता तर तिला आणखी चौदा-पंधरा वर्षं थांबावं लागलं असतं. पण त्यांची एक गोष्ट मला फार आवडते, खेळाडूंपासून वेगळा असा सेवेचा एक विभाग आहे. मिनेसोटा फॅट्स म्हणून जगभर गाजलेले रुडॉल्फ वॉन्डेरोन, ज्यांच्या नावावर मोठं टायटल नाही, ते १९८४ मध्ये त्या दारातून आत आले. आणि ते योग्यच होतं, कारण त्यांच्यामुळे किती लोकांनी पहिल्यांदा क्यू हातात घेतला असेल.

याच विभागामुळे मला आपल्या मुंबईच्या जिमखान्यांमधले मार्कर आठवतात. आपल्याकडे विल्सन जोन्स, १९५८ आणि १९६४ चे बिलियर्ड्सचे जागतिक विजेते, किंवा मायकेल फरेरा, १९७७, १९८१, १९८३, त्यांच्याबद्दल काय ठरवायचं, ती नावं स्वतःच उभी आहेत. पण मार्कर म्हणजे बॉल लावणारा, स्कोअर सांगणारा, कापड ब्रश करणारा, मेंबरला जोडीदार नसेल तर समोर उभा राहून खेळणारा आणि वर त्याला शिकवणारा. मला क्यू धरायला शिकवलं ते असेच एक मार्कर, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते मेंबरांना चाळीस-पन्नास पॉइंटची सूट देऊन स्नूकर खेळायचे आणि आपण किती जोरात जिंकायचं ते समोरच्याचा चेहरा बघून ठरवायचे, कारण नोकरी होती. त्यांच्या नावावर एक कप नाही. क्लबच्या बोर्डावर सोनेरी अक्षरांत जी नावं आहेत त्यातल्या कित्येकांचा ब्रिज, म्हणजे क्यू टेकवायची हाताची ठेवण, मामांनी बोटं धरून बसवलेला आहे.

त्यामुळे यंदा माझं मत मामांना आहे. मीटिंगमध्ये एकाने विचारलं की ते तर स्नूकरवाले, वन पॉकेटशी काय संबंध, तर संबंध हा की आमच्यातल्या सेफ्टी नीट खेळणाऱ्या चौघांना ती त्यांनीच शिकवली, आणि सेफ्टी काढली तर वन पॉकेटमध्ये उरतं काय? दुसऱ्याने विचारलं पुरावा काय. त्यांच्याकडून सूट घेऊनही हरलेले दोन जुने मेंबर अजून आहेत, एक दादरला एक खारला, दोघांशी मी वेगवेगळी बोलले आणि दोघांनी तोच पॉइंटचा आकडा सांगितला. मतदान गणपतीनंतरच्या रविवारी आहे, ज्यांना दुसरं नाव सुचवायचंय त्यांनी नुसतं नाव आणू नका, त्यांच्याशी हरलेला माणूस सोबत आणा.