सिडारची भिंत आणि दोन सुतांची फट

गिरणाऱ्याच्या मळ्यात आमची अवजारांची खोली आहे, विटांची आणि कौलारू. त्र्यंबककडून येणारी झड तिची पश्चिमेची भिंत सरळ अंगावर घेते. श्रावणापर्यंत आतला गिलावा पोपडे धरतो आणि खताच्या गोण्यांचे दगड होतात. म्हणून यंदा पावसाआधी त्या भिंतीला बाहेरून सिडारच्या शिंगल, म्हणजे कौलांसारख्या ओळीवर ओळ बसणाऱ्या लाकडाच्या पातळ फळ्या, लावल्या.

हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा वेस्टर्न रेड सिडार. आपल्या हिमालयातल्या देवदाराशी त्याचं नातं लांबचं. वजनाला हलका, आणि गाभ्यात असलेल्या द्रव्यांमुळे लवकर कुजत नाही. माझी शिंगल १६ इंच लांब, वरच्या टोकाला निमुळती. त्यातली ७ इंच उघडी ठेवली, बाकीची वरच्या ओळीखाली झाकली. सगळ्यात खालची ओळ दुहेरी, जमिनीपासून चांगली वर, म्हणजे वाळवी चढू लागली तर तिची वाट नजरेला पडते.

शिंगल थेट विटांवर ठोकायच्या नाहीत. आधी उभ्या रिपा, त्यांवर आडव्या. मागून हवा खेळली की भिजलेलं लाकूड दोन्ही अंगांनी सुकतं. उंदीर शिरू नयेत म्हणून खाली-वर जाळी मारली.

खरा वाद फटीवरून झाला. दोन शिंगलमध्ये दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा सोडा म्हटल्यावर मिस्त्री थांबलेच. "ताई, फट ठेवली तर पाणी आत नाही का जाणार?" जन्मभर वाड्यांचे दरवाजे घट्ट बसवलेला माणूस, त्यांना ते पटेना. मी वर कौलांकडे बोट दाखवलं. फटीतून आलेलं पाणी खालच्या शिंगलवर पडतं आणि तिच्यावरून निथळून जातं, फक्त वरच्या ओळीचा सांधा खालच्या सांध्यापासून निदान दीड इंच सरकलेला हवा. मे महिन्यात आपल्याकडे लाकूड आकसलेलं असतं, जुलैत फुगतं. तेव्हा जागाच नसेल तर शिंगल एकमेकींना रेटून भिंतीपासून सुटतात. हे ऐकल्यावर मिस्त्रींनी दोन सुताची एक पट्टी तासून घेतली आणि प्रत्येक शिंगल तिला टेकवूनच बसवली. त्यांच्या हातची ती सरळ ओळ बघत राहावी अशी आहे.

खिळे मात्र स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधा लोखंडी खिळा सिडारमधल्या टॅनिनशी मिळून काळे ओघळ सोडतो. शिंगलला दोनच खिळे, कडेपासून पाऊण इंच आत आणि वरच्या ओळीखाली झाकले जातील असे. डोकं लाकडाला टेकलं की हातोडी थांबवायची. आणखी रुतवलं तर लाकूड चिरतं.

आता जो येतो तो वॉर्निश मारायला सांगतो. मी मारणार नाही. पश्चिमेच्या उन्हात त्याचे पापुद्रे सुटणार आणि मग दरवेळी खरवडत बसा. उघडा सिडार हळूहळू राखाडी होतो, तो मला आवडतो. दक्षिणेच्या भिंतीचं सामान पुढच्या उन्हाळ्यात मागवायचं ठरलंय. मिस्त्रींनी पट्टी जपून ठेवली आहे.