भट्टी बंद केल्यावर उरणारी उष्णता

अणुऊर्जेची बाजू मांडणाऱ्यांची एक खोड मला नेहमी खटकते. कोणी भीती बोलून दाखवली, की तितक्याच विजेमागे कोळशामुळे कितीतरी पटींनी अधिक माणसे मरतात, हा आकडा लगेच पुढे केला जातो. आकडा खरा आहे आणि मी स्वतः अणुऊर्जेच्याच बाजूचा आहे. पण विचारणाऱ्याने कोळशाविषयी विचारलेलेच नसते. या यंत्रात नेमके काय बिघडू शकते आणि बिघडल्यास ते आपल्याला कोण आणि कधी सांगणार, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

अणुभट्टीचा अणुबाँबसारखा स्फोट होईल, ही भीती मात्र निराधार आहे. बाँबसाठी इंधनातील युरेनियम-२३५ चे, म्हणजे सहज फुटणाऱ्या युरेनियमचे, प्रमाण साधारण ९० टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते. वीज निर्माण करणाऱ्या बहुतेक भट्ट्यांच्या इंधनात ते ३ ते ५ टक्के असते. जपानमधल्या फुकुशिमा प्रकल्पातले स्फोट हायड्रोजन वायूचे होते. यावर अधिक शब्द खर्च करायला नकोत, कारण खरा धोका वेगळाच आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे आत सोडले की विखंडनाची, म्हणजे अणू फुटण्याची, साखळी काही सेकंदांत थांबते. परंतु तोवर इंधनात साचलेली किरणोत्सर्गी द्रव्ये आपल्या गतीने क्षय पावतच राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते आणि दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ३,००० मेगावॉट उष्णता निर्माण करणाऱ्या भट्टीत तो १५ मेगावॉट होतो, आणि ही उष्णता बंद करणारे कोणतेही बटण नसते. इंधनाभोवती पाणी खेळते ठेवणे, हाच तिच्यावरचा उपाय.

११ मार्च २०११ रोजी जपानला ९.० तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा फुकुशिमा दाइइचीच्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. बाहेरून येणारी वीज तुटली आणि डिझेल जनित्रे सुरू झाली. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली. जनित्रे बहुतांशी तळघरांत होती. ती बुडाली, पंप थांबले, उघड्या पडलेल्या इंधनकांड्यांच्या झिर्कोनियम आवरणाची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन साचला. प्रकल्पाने साधारण पावणेसहा मीटर उंचीची लाट गृहीत धरली होती. प्रत्यक्षात पाणी १४ मीटरपर्यंत चढले. चीड आणणारी गोष्ट अशी, की १५ मीटरहून उंच लाट येऊ शकते असा हिशेब प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्याच अंतर्गत अभ्यासात २००८ साली निघाला होता. भूकंपाच्या केंद्राला याहून जवळ असलेला ओनागावा प्रकल्प जवळपास १५ मीटर उंचीवर बांधलेला होता. तो सुरक्षितपणे बंद झाला, इतकेच नव्हे तर घरे वाहून गेलेल्या आसपासच्या लोकांनी त्याच्याच आवारात आसरा घेतला.

दुसरा प्रश्न माहितीचा. २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल अणुप्रकल्पाचा अपघात झाला. शेजारचे प्रिप्यात शहर रिकामे करायला सुमारे ३६ तास गेले. हवेत पसरलेले किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ गवतावर बसते, गाईच्या दुधात उतरते आणि ते दूध पिणाऱ्या मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, अवघे आठ दिवसांचे असते. म्हणजे काही आठवडे मुलांना ताजे दूध देऊ नका, एवढे वेळेवर सांगितले असते, तरी पुढे हजारो मुलांना जडलेल्या थायरॉइडच्या कर्करोगाचा मोठा भाग टळला असता. ‘हे लोक आपल्यापासून लपवतील’ अशी शंका घेणाऱ्याला म्हणूनच मी अडाणी म्हणू शकत नाही.

अर्थात बेहिशेबी भीतीही जीव घेते. फुकुशिमात दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक आहे. त्या प्रांतात स्थलांतराचे हाल, तुटलेले उपचार आणि ताण यांमुळे दगावलेल्यांची संख्या, ज्यांत बहुतेक वृद्ध होते, २,००० च्या पुढे गेली. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) किरणोत्सर्ग मिळतो. रुग्णाला खाटेवरून हलवायचे की नाही, हे ठरवताना तिथल्या किरणोत्सर्गाची या मोजमापाशी तुलना व्हायला हवी.

किरणोत्सर्गी कचऱ्याची भीती मला तुलनेने सौम्य वाटते. तो घनरूप आणि मोजका असतो, कुठे ठेवला आहे हे ठाऊक असते, आणि फिनलंडने तो ४०० मीटरहून खोल खडकात पुरण्यासाठी ओंकालो येथे भुयारे खोदली आहेत.

म्हणून एखाद्या प्रकल्पाविषयी बोलायचे, तर जनित्रे किती उंचीवर आहेत, वीज पूर्ण गेल्यास भट्टी किती तास तग धरेल आणि किरणोत्सर्गाच्या नोंदी कोण जाहीर करते, हे विचारावे. एपी-१००० या भट्टीसारख्या नव्या रचनांत वरच्या टाकीतले पाणी गुरुत्वाकर्षणानेच खाली येऊन, माणसाने हात न लावता ७२ तास भट्टी थंड ठेवते. त्यानंतर टाकी पुन्हा भरावी लागते. ते पाणी कोठून आणि कोणत्या रस्त्याने येणार, हा त्यापुढचा प्रश्न.