पाचवा भिडू
गेल्या वर्षी गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चकाल्याच्या ऑफिसात आम्ही तिघंच होतो, बाकीची टीम कोकणात. आमच्या गेममध्ये पाच जणांच्या मोहिमा असतात. बॉसचा, म्हणजे मोहिमेतल्या बलाढ्य शत्रूचा, मार अंगावर घेणारा एक टँक, सगळ्यांना जगवणारा एक हीलर आणि हल्ला करणारे तिघं. अनोळखी लोकांतून असे पाच जुळवणारं मॅचमेकिंग माझ्याकडे आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये डिसेंबर २००९मध्ये असे पाच आपोआप जुळवणारा डंजन फाइंडर आला, त्याआधी मी तिथे चॅटवर 'हीलर पाहिजे' म्हणत कितीतरी रात्री घालवल्या आहेत. म्हणून हे काम मला जवळचं वाटतं.

त्या दिवशी क्यू, म्हणजे गट जुळेपर्यंतची वाट, पाऊण तासावर गेला होता. हल्ला करणारे ढिगाने, हीलर नाहीतच. तलवार सगळ्यांना हवी असते, मलमपट्टी करायला कोणालाच नको, त्यामुळे थोडी टंचाई नेहमीचीच. मी नेहमीचे उपाय केले. वाट लांबली की कौशल्याची अट सैल होते, ती आणखी सैल केली. हीलरला जादा बक्षीस लावलं. हीलर आले आणि तासाभरात निघूनही गेले.

दुपारी सपोर्टला बसणारी डोंबिवलीची मुलगी टेबलापाशी आली. "दादा, हे वाचता का जरा?" रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी होतं. 'शेवटच्या बॉसपर्यंत चौघांना जगवलं. मग मलाच किक केलं. आज तिसऱ्यांदा.'

मी त्या मोहिमेचा लॉग, म्हणजे सर्व्हरवरची नोंद, उघडला. बाकीचे चौघं एकाच पार्टीतले मित्र, हीलर एकटा. आमच्याकडे किक करायला, म्हणजे कोणाला गटातून काढायला, तीन मतं लागायची, म्हणजे मित्रांकडे ती घरूनच जमलेली. बॉसचा हेल्थ बार संपत आला की पाचव्याला काढायचं आणि पेटीतला माल चौघांत वाटायचा. दुसरा लॉग तसाच. दहावाही तसाच. आणि मी बक्षीस लावून नवेनवे हीलर त्यांच्याच हाती देत होतो. वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला.

आमचा कौशल्याचा आकडा आर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी मांडलेल्या गुणांकनावरून घेतलेला. ते गणित समोरासमोर बसलेल्या दोघांचं आहे. एकाच बाजूच्या पाचांत कोण कोणाचं आहे, हे त्यात कुठेच येत नाही. इतकी वर्षं मी लोक मोजत होतो, त्यांची नाती मोजलीच नव्हती.

एका पार्टीचं मिळून एकच मत आणि बॉसशी लढाई चालू असताना किक बंद, असं मी ठरवलं. सर्व्हर सांभाळणारा सहकारी म्हणाला, "अरे, पाचवा खरंच हातावर हात ठेवून बसला तर?" रास्त शंका होती. त्यावर आम्ही बराच वेळ भांडलो. शेवटी अशा वेळी चौघांनी मोहीम सोडावी, त्यांना दंड न लावता पुन्हा क्यूत घ्यावं, यावर दोघं राजी झालो. चौघांची थोडी गैरसोय मला चालेल, एकट्याची फसवणूक नाही.

टेस्टिंग आटपेस्तोवर रात्रीचे नऊ वाजले. ती मुलगी अजून बसलेली. त्या खेळाडूला तिने स्वतःहून मराठीत उत्तर लिहिलं होतं आणि त्याचाही लगेच मेसेज आला होता.

"दादा, तो विचारतोय, आज क्यू लावू का?"

नव्या नियमांचं बिल्ड सर्व्हरवर चढत होतं.

"साडेनऊनंतर लाव म्हणावं."